अंगावर येणारे आवाज

बजाजनगर,
१९ जून २०२४

ती. आबांना सविनय जयभीम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. सत्यम म्हणाला, टपाल आलं की तुम्ही अजूनही चष्मा पुसून, पाकीट कात्रीनं कापून वाचायला बसता. तेवढ्या भरवशावर लिहितेय.

माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. सत्यमच्या लग्नातून विधी पुरा व्हायच्या आत मी पोरीला कडेवर घेऊन निघाले, याचं भावासाठी वाईट वाटतं. पण तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा निघेन. श्रावस्तीनं मांडवात अंगातला घागरा काढून फेकला, उचलून घ्यायला आलेल्या मावशीला चावली, किंचाळत राहिली. हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधीचं कुणी पाहिलं नाही. त्या घागऱ्याच्या टिकल्या आतून टोचत होत्या, डीजे मांडवाच्या तोंडाशीच लावलेला होता आणि येईल तो पाहुणा तिचा गाल ओढत होता. ती सकाळपासून मला म्हणत होती, "मम्मी, घरी." सहा वर्षांच्या पोरीला याहून जास्त शब्दांत सांगता येत नाही.

मग तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर तिच्या तोंडात दिली. ती आणखी किंचाळली, म्हणून आणखी एक दिली. मला म्हणालात, "हिला वळण लागल्याशिवाय कन्नडला आणू नको."

कन्नडच्या स्टँडवर मी लग्नाच्या साडीत बसले होते. लोक बघत होते. एसटीत बसेपर्यंत श्रावू थरथरत होती, मग एकदम झोपली. घरी आले तेव्हा माझं ठरलं होतं, की हे काय आहे ते शोधायचं. कुणाचा दोष ते नाही शोधायचं, काय आहे ते शोधायचं.

मुलांच्या डॉक्टरांनी उस्मानपुऱ्यातल्या सदफ मॅडमकडे पाठवलं. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. रोजच्या जगण्यातली कामं, म्हणजे कपडे घालणं, जेवणं, वर्गात बसणं, ज्या मुलांना जड जातात त्यांना त्या खेळातून शिकवतात. खोली बघितली तर तुम्हाला बालवाडीच वाटेल. झोका, मोठा चेंडू, गाद्या, राजम्यानं भरलेला टब. पहिल्या दिवशी त्या श्रावूच्या जवळपण गेल्या नाहीत. जमिनीवर लांब बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी नाही जाणार तिच्याकडे. ती येईल."

आली. बऱ्याच वेळानं, पण आली.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आपल्याला आवाज ऐकू येतो. हिला आवाज अंगावर येतो. कपड्याची शिवण आपल्याला कळत पण नाही, हिला ती दिवसभर टोचते. आणि हिला स्वतःचं अंग कुठंय, किती जोर लावायचा, ते नीट उमगत नाही. म्हणून धडकते, आपटते. नाटक नाही करत ती."

मी विचारलं, औषध काय?

"औषध नाही. काम आहे. रोजचं, आणि घरी पण. बाकी सबर."

म्हणजे आबा, मी तिला वळण लावायला नेत नाही. या जगात तिला निवांत बसता यावं म्हणून नेतेय. अभयही माझ्यासोबत आहेत.

तुमची
सुलेखा

*

बजाजनगर,
२१ ऑगस्ट २०२४

ती. आबा,

तुमचं उत्तर नाही. सत्यमनं सांगितलं की पत्र पोचलंय आणि तुम्ही ते दोनदा वाचलंत. मला तेवढं पुरे.

आम्ही नेमानं जातोय. बजाजनगरहून बसनं बाबा पेट्रोल पंप, तिथून रिक्षानं उस्मानपुरा. सगळ्यात अवघड ती बसच. मागच्या आठवड्यात ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. श्रावू सीटखाली शिरली आणि ओरडायला लागली. एक बाई म्हणाल्या, "एक लावून द्या ना, गप बसंल." मी म्हटलं, "तुम्हाला भीती वाटली की तुम्हाला कोण लावून देतं?" बाई गप्प बसल्या, श्रावू काही बसली नाही. नगर नाक्याला उतरून आम्ही दोघी झाडाखाली उभ्या राहिलो. त्या दिवशी थेरपी झाली नाही. मी रस्त्यावरच रडले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आपलं डोकं माझ्या पोटात दाबलं. हळू हात लावलेला तिला चालत नाही. गच्च दाबलेलं आवडतं. हेही मला आत्ताआत्ताच कळलंय. जन्मल्यापासून मी तिला कुरवाळत होते आणि ती अंग चोरत होती, तेव्हा वाटायचं, हिला माझी मायाच नाही. तिला माझी माया टोचत होती.

घरी आमचा एक कारखानाच झालाय. उठल्यावर तिनं गव्हाचं पोतं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलायचं. मग मी तिला गोधडीत गुंडाळते आणि वरून पोळी लाटल्यासारखं दाबते. ती हसते. असं जोराचं काम केलं की तिचं अंग जागेवर येतं, असं सदफ मॅडम म्हणतात. त्यानंतर वेणी घालायला बसते. आधी वेणी म्हणजे रोजची लढाई होती.

झोका घरी हवा होता. भाड्याची खोली, वर स्लॅब, मालक भोक पाडू देईना. अभय आधी म्हणाले होते, "झोक्यानं कुणी बरं होतं का?" हे मागच्या वेळी तुम्हाला लिहिलं नाही. एका सुट्टीला मी त्यांनाच तिला घेऊन उस्मानपुऱ्याला पाठवलं. आले ते खोली मोजायला लागले. नंतर कंपनीतल्या दोस्ताकडून पाइप जोडून झोका टांगायला लोखंडी घोडा करून आणला. आता घरात पाय ठेवायला जागा नाही, पण झोका आहे.

नखं कापते आता. अंघोळीनंतर बोटं एकेक करून दाबायची, मग कापायची. रडत नाही असं नाही. पण हात ओढून घेत नाही.

शाळा चालू आहे.

सुलेखा

*

बजाजनगर,
२८ सप्टेंबर २०२४

ती. आबा,

शाळा चालू आहे असं लिहिलं होतं. शाळा चालूच होती, श्रावू घरी होती.

तुम्ही मास्तर. तुम्हाला हे कळलं तर तुमचंच खरं झालं असं वाटेल, म्हणून लिहिलं नाही. आता निकाल लागलाय, म्हणून लिहिते.

पहिलीच्या वर्गाच्या दाराशीच शाळेची घंटा आहे. ती वाजली की श्रावू टेबलाखाली जायची. एकदा शेजारच्या पोराला ढकललं, त्याचं कपाळ फुटलं. मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

"बाकीच्या पालकांच्या तक्रारी आहेत. तिच्यासारख्या मुलांच्या वेगळ्या शाळा असतात."

मी म्हटलं, "ती वाचते, मॅडम. धडा तोंडपाठ नाही, वाचून दाखवते."

"वाचते हो. पण टेबलाखाली बसून वाचते."

"मग थोडे दिवस टेबलाखाली वाचू द्या."

त्यांना वाटलं मी उद्धट बोलतेय. मी अगदी मनापासून बोलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, तूर्तास घरी ठेवा.

कायदा मला माहीत आहे आबा. या वयाच्या पोरीला शाळेतून काढता येत नाही. पण कायदा दाखवून वर्गात बसवलेल्या पोरीकडे बाई कोणत्या नजरेनं बघतील, हेही मला माहीत होतं. म्हणून कायदा पर्समध्ये ठेवला आणि रोज शाळेत जाऊन बसले. शिपायाच्या शेजारी, बाकावर. मोठ्या बाई येता-जाता बघायच्या. एके दिवशी वैतागून म्हणाल्या, "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

म्हटलं, "सदफ मॅडमना एकदा वर्ग बघू द्या."

सदफ मॅडम आल्या. एक सबंध सकाळ मागं बसून राहिल्या. मग मोठ्या बाईंकडे त्यांनी फार काही मागितलं नाही. श्रावूची जागा दारापासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात करा. घंटा व्हायच्या आधी वह्यांचा गठ्ठा उचलून ऑफिसात पोचवायचं काम तिला द्या, ओझं उचललं की ती शांत राहते. आवाज कमी करायला कानाला लावायचं साधन वापरू द्या. आणि तिला पुढून हात लावा, मागून नको.

मोठ्या बाई म्हणाल्या, "कानाला ते लावलं तर बाकीची मुलं हसतील."

त्या दिवशी अभयची दुसरी पाळी होती म्हणून तेही आले होते. ते सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "मॅडम, आमच्या कंपनीत, पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये आम्ही मोठी माणसं कानाला लावूनच काम करतो. आम्हाला कुणी हसत नाही. लावलं नाही तर साहेब ओरडतो."

बाई पहिल्यांदा हसल्या. दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्या.

सोमवारपासून श्रावू वर्गात आहे.

सुलेखा

*

बजाजनगर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. आबा,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, एकही काना वाकडा नाही. लिहिलंय ते मी अभयना वाचून दाखवलं नाही. तुमचा जावई तुमचा मान ठेवतो, तो तसाच राहू दे.

तुम्ही लिहिता, असली पोरं तुमच्या वर्गातही यायची आणि दोन छड्यांत सरळ व्हायची. कानाला डबडी लावून पोरगी पांगळी करू नको.

मला खरंच विचारायचंय. सरळ झालेली ती पोरं पुढं कुठं गेली, आबा? मी तुमच्याच शाळेत होते. कडुबा आठवतो का तुम्हाला? पायांत चप्पल ठेवायचा नाही, खडू फळ्यावर करकरला की पळून जायचा. तुम्ही त्याला मारून मारून जागेवर बसवलात. चौथीनंतर तो आलाच नाही. तुम्ही म्हणायचात, त्याला शिकायचंच नव्हतं. मीही तेच म्हणायचे.

दुसरं लिहिते. तुम्हाला राग येईल, तरी लिहिते. तुमचा नवा सदरा आई आधी चार-सहा वेळा धुवायची, कॉलरमागची पट्टी उसवायची, आणि मगच तुमच्यापुढं ठेवायची. भाजीचा रस भाताला लागलेला तुम्हाला चालायचा नाही, म्हणून दोन ताटल्या. मिक्सर लावायचा तर आई तुम्हाला आधी अंगणात पाठवायची. पाहुणे जास्त झाले की आई म्हणायची, "गुरुजींना तपासायला वह्या आहेत," आणि तुम्ही आतल्या खोलीत जायचात. सुट्टीतसुद्धा वह्या असायच्या तुम्हाला.

मी तुम्हाला आजारी ठरवत नाही. श्रावूलाही ठरवत नाही. एवढंच म्हणतेय की तुम्हाला कुणी मारून सरळ केलं नाही. तुम्हाला आई मिळाली होती.

श्रावूला मी आहे. मी तेच करतेय जे आई करायची. फक्त मला ते शिकवायला सदफ मॅडम आहेत, आणि आई कुणाला काही न सांगता शेवटपर्यंत करत राहिली.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळा. मोठ्या बाईंनी पुढं काही विचारलं नाही, म्हणजे श्रावू राहिली.

सुलेखा

*

बजाजनगर,
१६ डिसेंबर २०२४

ती. आबा,

शनिवारी तुम्ही उस्मानपुऱ्यात त्या जिन्यावर उभे दिसलात तेव्हा क्षणभर मला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलोय. सत्यमनं पत्ता दिला हे नंतर कळलं. तुम्ही म्हणालात, "बघायला आलो. काय चालतं ते बघू तर दे."

सदफ मॅडमनी तुम्हाला खुर्ची दिली. तुम्ही शाळा तपासायला आल्यासारखे ताठ बसला होतात. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

श्रावूनं तुम्हाला बघितलं आणि ती मोठ्या चेंडूमागं गेली. मॅडमनी विचारलं, "कोण आलंय? ओळखते का?"

ती म्हणाली, "हे मारतात."

आबा, हे मी तिला शिकवलेलं नाही. त्या दिवसानंतर घरात या विषयावर तिच्यासमोर कुणी अवाक्षर बोललेलं नाही. मला वाटत होतं, ती विसरली. सात महिने होऊन गेले. पण तिच्या अंगाला जे लागतं ते आत जातं आणि तिथंच राहतं.

तुम्ही उठलात. पेरूची पिशवी खुर्चीवर ठेवलीत आणि जिना उतरलात. मी मागं आले नाही, कारण श्रावू चेंडूमागं होती आणि मला आधी तिच्याकडे जायचं होतं. खिडकीतून बघितलं, तुम्ही रिक्षासाठी हात करत होतात आणि रिक्षा थांबत नव्हत्या. मला लई वाईट वाटलं. तरी आले नाही.

सत्यम म्हणतो, आल्यापासून तुम्ही धड जेवत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते. मनात काही ठेवून बसू नका. मला काही सांगू नका, माझी समजूतही काढू नका. सांगायचं असेल तर तिला सांगा. मोठ्या माणसानं लहान पोराची माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही, खरंय. पण ज्याला मारलं त्याच्याशीच बोलायचं असतं, दुसऱ्याशी बोलून ते फिटत नाही.

मी सदफ मॅडमना विचारलं, तुम्हाला परत येऊ द्यावं का. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. पण तिला जवळ ओढायचं नाही, खाऊचं आमिष दाखवायचं नाही. बसायचं. कधी जवळ जायचं ते ती ठरवील."

जमणार असेल तर या. नाही जमलं तर येऊ नका. अर्धवट नको.

सुलेखा

*

बजाजनगर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आबा,

परवा उस्मानपुऱ्याला तुम्ही होतातच, तरी लिहिते. तुमचं लक्ष तिच्याकडे होतं आणि माझं तुमच्याकडे.

खुर्ची नको म्हणालात. गुडघे दुखत असताना भिंतीला टेकून खाली बसलात. श्रावू झोक्यावर पालथी पडून हातानं जमीन ढकलत होती. तुम्ही धडा वाचावा तसे, प्रत्येक शब्द मोकळा करून बोललात. "श्रावस्ती, मी तुला मारलं. माझं चुकलं. परत मारणार नाही."

मी तुमच्या तोंडून "माझं चुकलं" आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आईनं ऐकलं होतं की नाही, माहीत नाही.

श्रावूनं झोका थांबवला. तुमच्याकडे न बघता म्हणाली, "हात मागं ठेवा."

मला वाटलं, आता तुम्ही उठणार. शाळेत पोरांना असं म्हणणारे तुम्ही. पण तुम्ही दोन्ही हात मागं घेतलेत, पाठ आणि भिंत यांच्यामध्ये, आणि तसेच राहिलात. सदफ मॅडमनी एकदा मला खूण केली की, त्यांना हात पुढं घ्यायला सांगू का? मी मान हलवली, नको. श्रावूनं राजम्याचा टब उपसला, गाद्यांखालून सरपटत गेली, जड पेटी ढकलत तुमच्या पायांपर्यंत आणली आणि परत नेली. पुन्हा आणली. तुम्ही फक्त पाय आखडून तिला जागा दिलीत. शेवटी तिनं ती पेटी तुमच्याजवळच सोडली आणि तिच्यावर बसली, तुमच्याकडे पाठ करून. एवढ्या जवळ ती अजून माझ्या सासूबाईंच्याही बसत नाही.

वेळ संपली तेव्हा तुम्हाला उठवायला अभयना हात द्यावा लागला. तुमचे पंजे पांढरे पडले होते. तुम्ही ते सदऱ्यात लपवलेत, पण मी बघितलं.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. प्रजासत्ताक दिनाला शाळेत बँड होता. कानाला लावूनही तिला झेपलं नाही, अर्ध्यातून मागच्या वर्गात जाऊन बसली. पण स्वतःहून गेली, बाईंना सांगून गेली. पूर्वी किंचाळत गेली असती. गेल्या मंगळवारी भाजीबाजारात पुन्हा सगळं बिनसलं. मिरच्यांचा ठसका, गर्दी, लाऊडस्पीकर. मी तिला उचलून घरी आणलं आणि गोधडीत गुंडाळलं. असे दिवस येत राहणार, मॅडमनी पहिल्यापासून सांगितलंय. त्यांच्या भीतीनं मी तिला घरात ठेवणार नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा नेणार आहे, बाजार भरायच्या आधी.

हे सगळं तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं. आता तुम्ही उचलता. पण एक निरोप आहे आणि तो लिहूनच द्यायचा होता.

परवा तुम्ही कन्नडच्या गाडीत बसलात आणि आम्ही घरी निघालो. रिक्षात श्रावूनं आपले हात पाठीमागं दाबून बघितले. मग म्हणाली, "आबांचे हात दुखले असतील."

मी म्हटलं, "दुखले असतील."

नगर नाका आला तरी ती विचार करत होती. मग म्हणाली, "त्यांना सांग, पुढच्या वेळी पुढं ठेवले तरी चालतील."

सांगितलं.

तुमची
सुलेखा